बुडालेला घट

घटाची माती मी दरवर्षी विकत आणते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मधला मारुतीपाशी मातीच्या पुड्या मिळतात, वीस रुपयाला एक. आईला हे कधीच पटलं नाही. "माती काय विकत आणायची वस्तू हाय का?" असं ती दरवर्षी फोनवर ऐकवायची. तिच्या घटाला घरच्या रानातली काळी माती लागायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती सकाळी उठून टोपल्यातून आणून द्यायचे.

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. मी सोलापुरात घट बसवले, आईने गावी. गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेच्या काठावर. नाव लिहीत नाही, कारण एका कामाचा कागद अजून अडकलेला आहे आणि अण्णांना रोज त्याच लोकांसमोरून जायचंय.

सीना म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने वाळू आणि वेड्या बाभळी. लहानपणी आम्ही ती चपला हातात न घेता ओलांडायचो. यंदा मात्र अहिल्यानगर, बीड, धाराशिवकडे पावसाने कहर केला, सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या सगळ्या धरणांतून पाणी सोडावं लागलं आणि ते सगळं या एका पात्रात आलं. मंगळवारी, २३ तारखेला रात्री साडेदहाला अण्णांचा फोन. "पाणी पारापर्यंत आलंय. गुरं सोडली, आम्ही शाळेत चाललाव. चार्जिंग कमी हाय." मग फोन बंद.

बुधवारी हत्तूरजवळ विजापूर महामार्गावर पाणी आलं, रस्ता बंद. लांबोटीला पुण्याचा रस्ताही बंद. सव्वीस तास आईवडिलांचा आवाज नाही. मी सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन तळ्याकाठी बसले. हे तळं बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन खोदलं, हे सोलापूरच्या पोरांना पाळण्यात सांगतात. त्या दिवशी त्या पाण्याकडे बघवत नव्हतं. देवाचं नाव घ्यायला गेलं की तोंडातून नावाऐवजी आकडा यायचा: शाळेचा ओटा चार फूट, वर खिडकी तीन फूट. शेजारी बसलेली ओळखीची बाई म्हणाली, "देवीचा कोप आहे, नवरात्रातच आलं बघा." मी उठून आले. नंतरही "कोप" म्हणणारे भेटले आणि "देवीनंच वाचवलं" म्हणणारेही. दोन्ही ऐकून मला सारखाच राग यायचा. आमची माणसं देवीने वाचवली, तर शेजारच्या काकांची म्हैस कुणी नेली?

घरी सासूबाई परातीत ज्वारीचं पीठ मळत होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांनी विचारलं, "रडून झालं का? मग बस थापायला. मऊ भाकरी करू नको, बुरशी धरती." कडक भाकरी तव्यावर कापडाने दाबत, कडेपासून मध्यापर्यंत पाणी सुकवत भाजायची असते. सोलापुरात ती दुकानात मिळते म्हणून मी वीस वर्षांत शिकले नव्हते. त्या रात्री शिकले. गल्लीतल्या सहा घरांनी मिळून एकशे चाळीस भाकरी केल्या, वर शेंगाचटणीच्या पुड्या. पूरग्रस्तांना खायचं काही पाठवणार असाल तर हेच पाठवा. पोळ्या दुसऱ्या दिवशी आंबतात, बिस्किटांचे डोंगर साठतात, आणि ज्वारी खाणाऱ्या म्हाताऱ्यांना चार दिवस बिस्किटं गेली की पोट धरून बसावं लागतं.

रात्री साडेबाराला कुणाच्या तरी फोनवरून आईचा आवाज आला. पहिलं वाक्य, "घट बुडाला गं."

२६ तारखेला, शुक्रवारी, मी आणि माझे मिस्टर गावात पोचलो. भिंतीवर पाच फुटांवर आखल्यासारखी रेघ. खाली दीड फूट गाळ. वास म्हणजे डिझेल, शेण आणि आंबलेली ज्वारी एकत्र. कणगीतली ज्वारी भिजून तिला कोंब आले होते, हात घातला तर आत गरम. तांब्याचा कलश पलंगाखाली सापडला, गाळाने गच्च भरलेला. आईला सोयाबीनचं विचारलं तर ती म्हणायची, "अखंड दिवा विझला." गॅसचं विचारलं तरी तेच. मी चिडले. इतकं सगळं गेलंय आणि ही दिव्याचं काय घेऊन बसलीय? आता लिहिताना त्या चिडण्याची लाज वाटते.

पुढे कुणाला उपयोगी पडेल म्हणून आधी घराचं सांगते. गाळ काढण्याआधी सगळ्या खोल्यांचे, भिंतीवरच्या रेघेचे, भिजलेल्या धान्याचे फोटो काढा, फोटोत घरातलं एक माणूस उभं करा. मेन स्विचला वायरमनशिवाय हात लावू नका. गाळ ओला असेपर्यंतच निघतो. दोन दिवस उन्हात राहिला की पहार लागते. भिजलेली कागदपत्रं इस्त्रीने वाळवू नका, आमचं एक खरेदीखत तसंच करपलं. वर्तमानपत्रात घालून पंख्याखाली ठेवा. आणि पायात गमबूट घाला. मी चपलांवर आठ दिवस काढले, बोटांमध्ये चिखल्या झाल्या आणि यंदाची कोजागरीची तुळजापूरची पायी वारी बुडाली. ६ ऑक्टोबरच्या रात्री तुळजापूर रस्त्यावर चालणाऱ्यांना पाणी वाटत बसले, पायाला मलम लावून.

शनिवारी सांगलीकडची आठ पोरं टेम्पोत पंप, पाईप आणि फावडी घालून आली. कुणी बोलावलं नव्हतं. घरात शिरायच्या आधी त्यांच्यातला एकजण आईला म्हणाला, "मावशी, काय टाकायचं ते तुम्ही सांगायचं. आम्ही आमच्या मनानं काय बी फेकणार नाही." हे ज्याच्या घरात पाणी शिरलंय त्यालाच सुचतं. २०१९ ला त्यांची घरं बुडाली होती. चहा पिताना तो म्हणाला, "तेव्हा आमच्याकडं तुमच्या सोलापूरच्या चादरी आल्या होत्या. अजून अंगावर घेतो." मी चादर कारखान्यात हिशेब लिहिते. त्या ऑगस्टमध्ये आमच्याकडूनही गठ्ठे गेले होते आणि मी त्यांची चलनं फाडताना जीएसटीचं काय करायचं यावर कुणाशी तरी वाद घातला होता. तेवढंच आठवलं.

दोन दिवसांत त्यांनी चौदा घरं धुतली. रविवारी, २८ ला, नदीला परत पाणी आलं. या वेळी आमच्या ओट्यापर्यंत येऊन थांबलं. पोरं टेम्पो वरच्या अंगाला लावून रात्रभर थांबली आणि सोमवारी ओटा पुन्हा धुऊन गेली.

३० सप्टेंबर, मंगळवार, अष्टमी. आदल्या दिवशी गुरवकाका सांगून गेले होते की अडचण आली तर अष्टमीला घट बसवले तरी चालतात. आईने मान हलवली, पण उठली नाही. सकाळी दहाच्या सुमाराला वडापच्या गाडीतून आत्या उतरल्या. सदुसष्ट वर्षांची बाई, गुडघ्यांना पट्टे बांधून, हातात कापडी पिशवी. मला सांगितलंही नव्हतं.

"विहीणबाई, घट बसवला का?"

"कशाचा घट? माती कुठाय? रानात गुडघाभर गाळ हाय."

आत्यांनी ओट्याच्या कडेला साचलेला गाळ उचलून बोटांनी चोळला. "ही काय माती न्हाई का?"

"ही कुणाच्या रानाची, कुठल्या गावची, काय ठावं."

"मग बरंच की. नगरची असंल, बीडची असंल, आमच्या धाराशिवची बी असंल. समद्यांचा मिळून एकच बसवा यंदा."

आत्यांचं माहेर सास्तूर. तिथलं पाणी तेरणेला जातं, सीनेला नाही. मला माहीत होतं, मी बोलले नाही.

नुसत्या गाळात काही उगवत नाही, वाळला की फरशी होते. आत्यांनी त्यात चुलीची राख आणि चाळलेलं शेणखत मिसळलं. गहू सरकारी मदतीच्या किटातले घेतले. पत्रावळ शाळेतल्या जेवणावळीतली. कलश चिंचेने घासला तरी त्याच्या गळ्यापाशी एक काळी रेघ राहिली, ती अजून आहे. दिवा लावला. मग आत्यांनी पिशवीतून फणी आणि खोबरेल तेलाची बाटली काढली, आईच्या मागे जाऊन बसल्या आणि तिचे केस सोडले. सहा दिवस त्या केसांना कुणी हात लावला नव्हता. गाळाचे खडे अडकले होते. आत्या एक एक बट हातात धरून खालून वर विंचरत होत्या, ओढ बसू न देता. आई पहिल्यांदा रडली. बराच वेळ. आत्या "रडू नको" म्हणाल्या नाहीत. मी भांडी घासायला विहिरीकडे गेले, कारण तिथं माझं काही काम नव्हतं.

संध्याकाळी परतताना वडापमध्ये आत्यांनी सांगितलं. आज तीस तारीख. १९९३ ला याच तारखेला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. सोलापुरात आत्यांच्या फळीवरची भांडी खडखडली. "मांजर असंल म्हणून हाड हाड केलं बघ." दुसऱ्या दिवशी त्या सास्तूरला पोचल्या तेव्हा घरं नव्हतीच, दगडांचे ढीग होते. जाड दगडी भिंती, मातीतलं बांधकाम आणि वर माळवदाचं ओझं, तेच अंगावर आलं होतं. भाऊ, भावजय, दोन पोरं. आई जिवंत होती, एका पत्र्याखाली बसलेली, केसांत माती, कुणाशी बोलत नव्हती. "लई लोक आले. कपडे दिले, भांडी दिली, फोटो काढले. तिसऱ्या दिवशी एक बाई आली. कुठली काय म्हाईत न्हाई. तिनं काही दिलं न्हाई. आईच्या मागं बसून येणी घातली आन् गेली. त्या दिवशी आईनं पाणी मागितलं. नाव इचारायचं राहिलं."

माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली. दर ३० सप्टेंबरला आत्या उपास धरतात. मी कसला ते कधी विचारलं नव्हतं.

आता कागदांचं. १ ऑक्टोबरला घराचा पंचनामा झाला. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक एकत्र येतात, त्यांना तीन गावं एका दिवसात उरकायची असतात. आधार, बँक पासबुक, सातबारा, आठ-अ यांच्या दोन-दोन झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत तयार ठेवा. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्यातलं आमच्या कामाचं एवढं: घरात पाणी शिरलं त्या कुटुंबाला १०,००० रुपये, कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिकला २२,५००, ३ हेक्टरपर्यंत, आणि रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी १०,००० वेगळे. गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० पर्यंत, पण तिचा पंचनामा वेगळा करून घ्यावा लागतो. आमचा राहून गेला होता, नोव्हेंबरमध्ये पुन्हा अर्ज दिला, तो कागद मी वर म्हटलं तो.

घराचे १०,००० आईच्या खात्यावर १६ ऑक्टोबरला आले. मुद्दाम तिचं खातं दिलं, कारण अण्णांचं खातं व्यवहार नसल्याने बंद पडलं होतं. खात्याला आधार जोडलेलं आहे का हे आजच बघून घ्या, पूर यायची वाट बघू नका.

जमिनीचं काम रखडलं. सातबारा ०.९० हेक्टरचा, सामायिक. निम्मा अण्णांचा, निम्मा धाकट्या काकांचा. काका २०२१ मध्ये गेले, वारसनोंद झालीच नव्हती. २०२५ च्या एप्रिलमध्ये जिवंत सातबारा मोहिमेत तलाठी स्वतः विचारत होते, तेव्हा अण्णा "बघू दिवाळीनंतर" म्हणाले होते. अण्णांकडे शेतकरी ओळख क्रमांक होता, त्यामुळे त्यांना ई-केवायसी लागली नाही आणि त्यांच्या वाट्याचे ३,८२५ रुपये २९ ऑक्टोबरला जमा झाले. जेसीबीचं बिल ७,२०० झालं होतं, तासाला १,२०० प्रमाणे सहा तास. हे तक्रार म्हणून नाही, हिशेब म्हणून लिहिलं. रब्बीचे ४,५०० नोव्हेंबरच्या मध्यात आले.

काकूचा वाटा मात्र मेलेल्या माणसाच्या नावावर अडला. १३ ऑक्टोबरला वारसनोंदीचा अर्ज केला. मृत्यूचा दाखला, वारसांचं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र, सगळ्या वारसांचे आधार. सेवा केंद्रात दोन खेपांना मिळून २६० रुपये गेले. लग्न झालेल्या चुलतबहिणीचं नाव घालायचं की नाही यावर घरात दोन दिवस वाद. घालायचंच असतं, हक्कसोड नंतर वेगळी करता येते, लपवलं तर नोंद रद्द होऊ शकते. अर्जानंतर नोटीस, तिचे पंधरा दिवस, मग मंडल अधिकारी. मध्ये दिवाळी, मग निवडणुकीची कामं. मी पाच वेळा अर्धी रजा टाकली. एका खेपेला टेबलामागच्या माणसाने मान वर न करता "उद्या" म्हटलं तेव्हा मी ओरडले. पुढच्या खेपेला कळलं की त्याचं स्वतःचं घरही बुडालं होतं आणि तो नातेवाइकाकडे राहून कामावर येत होता. मी माफी मागितली नाही, भाकरीची एक चवड नेऊन दिली. त्याने घेतली. काम त्यामुळे लवकर झालं असं मात्र नाही. नोंद ९ डिसेंबरला मंजूर झाली आणि काकूच्या खात्यावर पैसे २१ जानेवारीला आले.

शेजारच्या काकांच्या म्हशीचं आणखी अवघड. दुधाळ जनावराला ३७,५०० रुपये मिळतात, पण शव नसेल तर दाखला कसा द्यायचा? गावातल्या चौघांच्या जबाबावर आणि पोलीस पाटलांच्या सहीवर अखेर पंचनामा झाला. तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर एका जुन्या फोटोत दिसत होता, त्याची फार मदत झाली. जनावर पाळत असाल तर बिल्ल्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

घटाचं राहिलं. अष्टमीला बसवलेला घट दसऱ्याला उठवायचा तर दोन दिवसांत काय उगवणार? दसऱ्याला अण्णांच्या टोपीत यंदा तुरा नव्हता. आईने दिवा चालूच ठेवला. शनिवारी, ४ ऑक्टोबरला, त्या गाळातून गव्हाचे पिवळट कोंब वर आले. पिकाच्या पंचनाम्याला ७ तारखेला अधिकारी रानात आले तेव्हा अण्णा टोपीत ते कोंब खोवून उभे राहिले. सरकारी ॲपमधल्या फोटोत मागे आडवं झालेलं सोयाबीन, कोपऱ्यात अक्षांश-रेखांश, आणि मध्ये अण्णा, तुरा लावून. "काढा की ते," तलाठी म्हणाले. "ऱ्हाऊ दे," अण्णा म्हणाले.

१३ जानेवारीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या, अक्षता सोहळ्याला आई आणि आत्या दोघी आल्या होत्या. संमती कट्ट्यापाशी एवढी गर्दी की मी दोघींचे हात धरून ठेवले. येताना तिघी तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो, भाजलेल्या शेंगा खाल्ल्या. सप्टेंबरात मी इथं कशी बसले होते ते सांगावंसं वाटलं होतं, पण आत्यांना पाणीपुरी खायची होती, मग उठलो.

त्या गाळात अण्णांनी ऑक्टोबरच्या शेवटी शाळू पेरला होता. २५ जानेवारीला, रविवारी, हुरड्याला सगळे रानात जमलो. कणसं अशी भरलेली की अण्णा त्याबद्दल बोलायचं टाळत होते, दृष्ट लागेल म्हणून. आगटीपाशी बसून आत्या गरम कणसं तळहातावर चोळत होत्या, हात काळे झालेले. मध्येच त्यांनी विचारलं, "त्या सांगलीच्या पोराचं नाव काय, विहीणबाई?"

आईचा हात थांबला. तिने अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी माझ्याकडे. कुणालाच माहीत नव्हतं.

"राहिलंच का," आत्या म्हणाल्या आणि पुढचं कणीस घेतलं.

निघताना त्यांनी पिशवीत हुरडा भरला आणि बांधाकडची मूठ-दोन मूठ माती वेगळ्या पुडीत बांधली. मी म्हटलं, "आत्या, यंदा अधिक महिना आहे, घट ऑक्टोबरात. आत्तापासून कशाला?"

"तवर वाळती की चांगली," त्या म्हणाल्या. पुडी आमच्या गॅलरीत, वाळवणाच्या तारेला टांगलेली आहे.